आइतवारचा दुसरा दिवस

जनाक्काच्या आठवड्याला नावाचे वार सहाच होते. सातवा यायचा, तो काय कुणासाठी थांबतोय, पण त्याचं नाव तोंडातून काढायची तिला सोय नव्हती. कारण तिच्या मालकांचं नाव सोमा.

सोमाभाऊ रेल्वेत गँगमन. घाटातले रूळ तपासत, खांद्यावर हातोडा टाकून जन्मभर चालले आणि निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत तापानं गेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे आमच्याकडच्या जुन्या बाया सगळ्याच पाळायच्या. मीही पाळलं. पण जनाक्काचं पाळणं फार कडक. नाव तर नाहीच, नावाचा नुसता वास येईल असा शब्दसुद्धा नाही. म्हणून सोमवार तिच्या घरी "आइतवारचा दुसरा दिवस." घाईत असली तर "मंगळवारचा आदला." बरं, भाषा बदलून सुटावं तर कानडीतही तो सोमवारच! त्या दिवशी तिचा उपास असायचा, तेव्हा कुणी जेवायला बस म्हटलं की म्हणायची, "नको गं, आज माझा वार हाय." (मी सोमवार लिहू शकते, माझ्या मालकांचं नाव वेगळं होतं.)

रामनगरच्या बाजारात सोमनाथ नावाचा एक कापडवाला होता. ही त्याच्या दुकानासमोर उभी राहून खुशाल हाक मारायची, "अवो, आमच्या मालकांच्या नावाचे! जरा ते हिरवं लुगडं दाखवा की." सगळा बाजार वळून बघायचा. तो बिचारा मान खाली घालून लुगडं काढायचा आणि भाव न करता देऊन टाकायचा, ही बाई लवकर जावी म्हणून. बाहेर आल्यावर जनाक्का मला म्हणायची, "बघितलंस? मालक गेले तरी नावात वजन हाय."

कॅसलरॉकला आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लावून. माझ्यापेक्षा ती बरीच मोठी, पण आवाज माझ्यापेक्षा तरुण. मागच्या अंगणातून "सुमे" अशी हाक आली की माझ्या हातातलं भांडं आधी जागेवर जायचं आणि मग मी. बुटकी, काळीसावळी, नाकात मोठी चमकी, आणि एका जागी बसणं माहीत नाही. रेल्वेवर तर तिचा घरचाच हक्क. घाट चढून येणाऱ्या मालगाडीला मागून एक इंजिन ढकलत असतं, ते तुम्हाला माहीत असेल. जनाक्का आवाज ऐकून निकाल द्यायची, "आज मागचं इंजिन कामचुकार हाय. नुसतं ओरडतंय, जोर पुढचंच लावतंय. आमच्या मोठ्या जावेसारखं." भांडण संपवायचं असलं की कानडीत एकच शब्द टाकायची, "साकू!" म्हणजे पुरे. तो शब्द पडला की समोरच्यानं घरी जायचं.

ती विसरायला लागली तेव्हा आधी आम्ही हसलोच. खोटं कशाला सांगू. चपला तांदळाच्या डब्यात सापडल्या, तेव्हा हसलो. चहात मीठ पडलं, तेव्हा तीच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली आणि मला म्हणाली, "पी मुकाट्यानं. माझं मीठ खाल्लंस, आता इमानानं ऱ्हा." तेच तेच विचारायला लागली, तर आम्ही म्हटलं वय झालं. कुणाचं होत नाही?

मग ते तिनईघाटचं झालं. लोंढ्याला कुणाच्या तरी बारशाला एकटीच गेली होती. येताना कॅसलरॉकच्या आधी तिनईघाट लागतं, तिथंच उतरली. उतरली आणि सरळ घराच्या वाटेनं निघाली, तर घरच नाही. परत स्टेशनात आली आणि तिथल्या माणसाला धरलं. त्यानं आमच्या स्टेशनात फोन केला तो असा, "तुमचं एक माणूस आमच्याकडं उतरलंय, आणि घर परत मागतंय." पुढची गाडी धरून मी तिला आणायला गेले. बाकावर बसली होती, आणि समोर स्टेशनातले सगळे उभे. ही त्यांना झाडत होती.

"सकाळी माझं घर हितंच हुतं! कुठं नेलंसा? मालक असते तर तुमची हिंमत झाली असती व्हय?"

ते हसू दाबत होते. मीही दाबत होते. पण गाडीत बसल्यावर तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडलं नाही. जरा वेळानं म्हणाली, "सुमे, डोळ्यांसमोर सगळं दिसत हुतं गं. रूळ, झाडं, माणसं. पण त्यातलं माझं कुठलं, ते कळंना." त्या दिवसापासून आमचं हसणं बंद झालं.

तिचा मुलगा प्रकाश हुबळीला नोकरीला. चांगला पोरगा हो, आईवर जीव टाकणारा. कळल्याबरोबर आला आणि म्हणाला, "आई, आता साकू. घराला कुलूप लावू, तू माझ्याकडं चल."

तिचाच शब्द तिच्यावर टाकलेला. पण ती गप्प बसणारी नव्हे. "तुझ्याकडं म्हंजे त्या तिसऱ्या मजल्यावर? तितं सगळ्या दारांना एकच रंग. धड डोक्याचा माणूससुद्धा शेजाऱ्याच्या घरात जाऊन जेवून येईल. मी विसरते म्हणून न्हेतोस, आन न्हेतोस कुठं, तर जितं ओळखायला काय न्हाईच तितं!"

"आणि इथं उद्या जंगलाकडं चालत गेलीस तर?"

"जाईन की. रानातला गवा मला वळखतोय."

"गवा ओळखेल, आई. तू ओळखशील का त्याला?"

जनाक्कानं दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, जिवंत माणसाच्या घराला कुलूप लावू नये रे."

शेवटी तोडगा निघाला तो प्रकाशनंच काढलेला. लोंढ्याला स्टेशनाजवळ एक हॉल भाड्यानं घेऊन मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर येत होते. म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर काही नवीन उपचार करून बघत होते. डोक्याला बारीकसा करंट द्यायचा आणि तेव्हाच मेंदूचा व्यायाम करून घ्यायचा. काही आठवडे रोज जायचं, मध्ये मध्ये परीक्षा. प्रकाशची अट एवढीच, की शेवटी डॉक्टर काय म्हणतील ते ऐकायचं. एकटी राहू शकेल म्हणाले तर कॅसलरॉक. नाही म्हणाले तर कुलूप आणि हुबळी.

"करंट?" जनाक्का म्हणाली. "रानडुकरांसाठी शेताला तार वडत्यात, तसला?"

तरी तयार झाली. घरासाठी तिनं डोक्याला इंजिनसुद्धा बांधून घेतलं असतं.

सोबत मी. रोज सकाळची गाडी धरायची, लोंढ्याला उतरायचं, दुपारच्या गाडीनं परत. दोघी म्हाताऱ्या डबा घेऊन शाळेला निघाल्यासारख्या. गाडीच्या डब्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणी विचारलं की जनाक्का सांगायची, "चार्जिंगला चाललेय."

तिथली डॉक्टरीण बाई धारवाडकडची, वयानं लहान, घरात कानडी, पण बेळगावात शिकलेली त्यामुळं मराठी मोकळी. जनाक्काला अज्जी म्हणायची. परीक्षा घेणारी ताई मात्र वेगळी होती, बेंगळुरूची, मराठी जेमतेम. परीक्षेच्या वेळी दार बंद, सोबतच्यानं बाहेर बसायचं. ही परीक्षा दर सोमवारी असायची.

पहिल्या दिवशी जनाक्का परीक्षा देऊन आली ती खुशीत.

"काय विचारलं?"

"शाळेत विचारत्यात तसंच. एका मिनटात जनावरांची नावं सांगा म्हणाली. मी गव्यापासनं सुरुवात केली. आता गवा म्हटल्यावर त्या वर्साला आपल्या परसात आलेला सांगायला नको? त्येचं सांगून हुईस्तवर मिनिट संपलं."

"आणि?"

"आज वार कुठला म्हणाली. सांगितलं, आइतवारचा दुसरा दिवस."

"आणखी?"

"मालकांचं नाव विचारलं बघ." जनाक्का एवढ्या वयाची, पण पदर तोंडाला लावून लाजली. "मी खाली बघितलं. ती पण शाणी हाय पोरगी, लगेच समजली. फुडचं विचारलं."

यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही, खरं सांगते. जनाक्काचा तो वार तसाच ऐकायची आम्हाला सवय आणि नवऱ्याचं नाव विचारलं की बाई खालीच बघते. कुणाला समजावून सांगावं लागतं हेच ठाऊक नव्हतं.

उपचाराच्या वेळी मात्र मला आत बसू द्यायचे. कपाळाभोवती एक रबरी पट्टा, त्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे दोन तुकडे, त्यांना वायरी, आणि वायरींच्या टोकाला साबणाच्या वडीएवढी डबी. बस्स, एवढंच यंत्र. डॉक्टरीण बाईनं आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवलं. "अज्जी, बॅटरीवर चालतंय. शॉक नाही. नुसत्या मुंग्या आल्यासारखं वाटेल. जास्त झालं तर लगेच सांगा."

बटण दाबलं. जनाक्कानं डोळे घट्ट मिटले, मग एक उघडला.

"मुंग्याच हायत. तांबड्या." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "जन्मभर मुंग्यांची चटणी खाल्ली गं. आता त्येंची पाळी."

डॉक्टरीण बाई हसून हसून खुर्चीत बसली. पण मग सरळ बोलली तीही. म्हणाली, "अज्जी, हे औषध नव्हे. आम्ही पण अजून शिकतोय. कुणाला थोडा फायदा होतो, कुणाला काहीच नाही. नुसत्या करंटनं काही होत नाही. करंट चालू असताना तुम्ही डोक्याला काम दिलं, तर त्या कामाची वाट जरा मोकळी होईल असं आम्हाला वाटतंय. काम तुम्हालाच करायचं आहे."

"म्हंजे मागचं इंजिन," जनाक्का म्हणाली. "ढकलतंय ते, पर चढायचं पुढच्यानंच."

"बरोबर तेच!" बाई म्हणाली, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ती हेच सांगायला लागली, मी माझ्या कानांनी ऐकलंय.

काम म्हणजे टॅबलेटवरचे खेळ. चित्रांच्या जोड्या लावायच्या, ऐकलेले शब्द लक्षात ठेवायचे, आधी दिसलेल्या वाटेनं परत जायचं. सुरुवातीला जनाक्काची धूळधाण. दुकानातून आणायच्या वस्तूंमध्ये ब्रेड, शाम्पू असलं काहीतरी. ती म्हणाली, "ब्रेड आजारी माणूस खातो. मी कशाला ध्यानात ठिवू?" वाट शोधायच्या खेळात तर सिग्नल आणि उंच उंच इमारती. "हितं एक झाड न्हाई. वळायचं कशाच्या खुणेनं?"

दुसरी एखादी डॉक्टरीण असती तर कपाळाला हात लावला असता. हिनं दोन-तीन दिवस जनाक्काला नुसतं बोलतं केलं, बाजारात काय घेता, रानात कुठून जाता. आणि मग एक दिवस तिच्यासाठी स्वतः खेळ बनवून आणला. चित्रं कोनफळाची, सुरणाची, कोकमाची, फणसाची. वाट घरापासून ओढ्यापर्यंतची, मध्ये वारूळ, वाकडं किंदळाचं झाड, मारुतीचा दगड. जनाक्कानं टॅबलेट हातात घेतला आणि ओरडली, "सुमे, हे तर आपलंच हाय!" त्यानंतर तिला डबीचा पट्टा काढा म्हणावं लागायचं. "थांबा की बाई, माझी एक जोडी ऱ्हायलीया."

घरी आल्यावरही खेळ सुरू. तिनं स्वतःच एक शोधून काढला. गाडी आली की आम्ही दोघी स्टेशनाच्या कठड्याला उभ्या राहायचो, कोण कोण उतरलं आणि कुणाच्या हातात काय होतं ते बघायचं. मग घरी येऊन चुलीपुढं बसायचं आणि आठवून सांगायचं. हरणाऱ्यानं भांडी घासायची. मी बऱ्याचदा हरायचे. एकदा ती म्हणाली, "निळ्या शर्टवाल्याच्या हातात कोंबडा हुता." मी म्हटलं, कोंबडा नव्हताच. भांडण झालं. शेवटी दुसऱ्या दिवशी निळा शर्टवाला सापडला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "छत्री होती हो, अक्का." जनाक्का त्याला म्हणाली, "पर कोंबड्यासारखी धरली हुतीस का न्हाई?" आणि मलाच भांडी घासायला लावली.

पण सांगते, फरक मला दिसत होता. तेच तेच विचारणं कमी झालं. गॅस बंद करायची आठवण तिला आपली आपण व्हायला लागली. वाटेत तिनईघाट आलं की माझ्या मांडीवर थाप मारून म्हणायची, "हे न्हवं." रोज. मला झोप लागली असली तरी.

शेवटच्या दिवशी प्रकाश हुबळीहून सुट्टी काढून आला. जनाक्कानं तेच हिरवं लुगडं नेसलं. गाडीत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

डॉक्टरीण बाईनं आम्हाला सगळ्यांना आत बसवलं. बेंगळुरूची ताईही होती. बाई म्हणाली, "चित्रं, शब्द, वाटा, सगळ्यात अज्जी पहिल्यापेक्षा बऱ्या आहेत. मला फार आनंद आहे. पण," आणि तिनं हातातले कागद चाळले, "तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून आजपर्यंत हललेल्याच नाहीत. आज वार कुठला, हे एकदाही बरोबर नाही. परीक्षा सोमवारी असते, अज्जी दर वेळी रविवार सांगतात. उलटे वार म्हणायला सांगितले तर दर वेळी तोच एक वार गळतो. आणि नवऱ्याचं नाव... नवऱ्याचं नाव त्यांना आठवत नाही. या गोष्टी सहसा एवढ्या लवकर जात नाहीत. त्यामुळं एकटीनं राहण्याचं मी कसं सांगू, मला कळत नाहीये."

प्रकाशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो आईपुढं गुडघ्यावर बसला.

"आई, बाबांचं नाव विसरलीस?"

जनाक्कानं त्याच्याकडं असं बघितलं, की मी घाबरले.

"कोण विसरलं?"

"तू. बाबांचं नाव."

"आरं गाढवा!" लोंढ्याच्या स्टेशनात ऐकू गेलं असेल. "ह्या वयात मी त्येंचं नाव घिऊ? परक्या बाईसमोर? लाज सोडू? तू माझ्या पोटचा ना? लहानपणी सुट्टी कवा आन शाळा कवा म्हणून तू विचारलंस, की काय म्हणायचे मी?"

प्रकाशचं तोंड उघडं पडलं ते तसंच. मग अगदी लहान पोरासारखा तो म्हणाला, "आइतवारी... आणि... आइतवारच्या दुसऱ्या दिवशी शाळा."

"मंग?"

"अरे देवा," प्रकाश म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"डॉक्टरीण बाई," जनाक्का म्हणाली, "तो पट्टा काढा. ह्येच्या डोस्क्याला बांधा. जन्मभर ऐकलेलं विसरला, आन मला हुबळीला न्ह्यायला निघालाय!"

मला हसूही येत होतं आणि सांगायचंही होतं. मग मी सगळं उलगडून सांगितलं, मालकांचं नाव काय, वार कुठला, ते आमच्यात का उच्चारत नाहीत. बेंगळुरूच्या ताईला आइतवार एवढा शब्द ओळखीचा, तेवढाच धरून तिनं रविवार लिहिला होता. ती बिचारी लाल झाली. जनाक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, "असूं दे गं पोरी. तुझं लगीन व्हायचं हाय अजून."

डॉक्टरीण बाई डोळे पुसत होती, हसून की कशानं ते कळेना. म्हणाली, "पण अज्जी, मी डॉक्टर आहे. तुम्हाला नाव आठवतंय हे मी ऐकल्याशिवाय कसं मांडू? मावशी सांगताहेत, ते चालणार नाही. कधीच घ्यायचं नसतं का नाव?"

"उखाण्यात घेतात," मी म्हटलं, आणि जीभ चावली. नवरा गेलेल्या बाईनं उखाणा घ्यायचा नसतो आमच्यात. सवाष्णीचा मान तो. सोमाभाऊ गेल्यापासून जनाक्कानं कुणाच्या लग्नात, कुणाच्या आग्रहाला उखाणा घेतला नव्हता. प्रकाशनं मान खाली घातली.

जनाक्कानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गाडी लागलेली होती. मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नाव घेतलं की त्येंचं आयुष्य कमी हुतंय, म्हणून घेत न्हवते. आता काय कमी हुनार?"

आणि उठून उभी राहिली. पदर सारखा केला. दोन्ही हात जोडले, लग्नातल्या नव्या नवरीसारखी मान जरा तिरकी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"घाटाच्या वळणावर गाडी घेते झोका,
सोमारावांच्या घराला कुलूप लावू नका!"

जुना पाठ केलेला उखाणा नव्हे हो तो. तिथल्या तिथं, उभ्या उभ्या केलेला. डॉक्टरीण बाईनं टाळ्या वाजवल्या, बेंगळुरूच्या ताईला काही कळलं नाही तरी तिनंही वाजवल्या. प्रकाश मात्र आईच्या पायांशीच बसून राहिला. मला नंतर म्हणाला, "मावशी, बाबांचं नाव आईच्या आवाजात ते गेल्यापासून मी पहिल्यांदा ऐकलं."

उलटे वार पुन्हा घेतले. शुक्र, गुरू, बुध, मंगळ, असं घडाघडा म्हणत ती आली, क्षणभर अडली, आणि "सोमवार" म्हणाली. मग स्वतःच हसली. "तोंडात कसं गार लागतंय बघ."

डॉक्टरीण बाईनं जाताना खोटी आशा लावली नाही. म्हणाली, "विसरणं गेलेलं नाही. पुढं वाढेल का, किती वाढेल, मला सांगता येणार नाही. पण आज त्या आपल्या घरात राहू शकतात. शेजाऱ्यांचं लक्ष हवं आणि खेळ सुटता कामा नये." प्रकाशनं हात जोडले. परतीच्या गाडीत कुलुपाचं नाव कुणी काढलं नाही. जनाक्कानं मात्र डब्यातल्या झाडून सगळ्यांना उखाणा म्हणून दाखवला, अगदी तिकीट तपासायला आलेल्या माणसालासुद्धा. तो तिकीट बघायचंच विसरला.

त्यानंतर ती चांगली तीन पावसाळे राहिली. आमचे खेळ चालले, भांडी मीच घासली. शेवटच्या वर्षी विसरणं पुन्हा वाढलं, ते खरं. पण तोवर सगळं गाव तिला सांभाळायला शिकलं होतं. ती चुकीच्या बाजूला वळली की कुणीही हाक मारायचं, "अक्का, गाडी ह्या बाजूनं!" आणि ती वळायची. मग एका पहाटे, आपल्याच अंथरुणात, शांतपणे गेली.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी सकाळी तिच्याकडं गेले होते, ताटलीत दोन तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. ती दारात उभी होती. माझ्याकडं बघून हसली, पण हसणं पाहुण्याला हसावं तसं.

"या की. उन्हातनं आलासा व्हय?"

सगळ्या आयुष्यात जनाक्कानं मला "तुम्ही" म्हटलेलं ते पहिलंच. मी चपला काढून आत गेले. तिनं पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी पुढं ठेवलं, चहाचं आधण ठेवलं. साखर बरोबर पडली.

"कुठल्या गाडीनं आलासा?"

"सकाळच्या," मी म्हटलं.

"ऱ्हाणार काय हितं? ऱ्हावा. गाव चांगलं हाय. हे घर आमच्या मालकांनी बांधलेलं. सोमाराव त्येंचं नाव." सहज म्हणाली, पाणी पुढं करावं तसं. "भिताड बघा, अजून कुठं भेग न्हाई."

"आणि शेजार कसा आहे?"

तिनं दाराबाहेर बघितलं, मग वाकून माझ्या कानाशी आली.

"शेजारीण हाय एक, सुमी म्हणून. तुमाला सांगते, बोलती लई! तोंडाला दमच न्हाई बाईच्या. भांडी बी घासायला येत न्हाईत धड." तिनं पुन्हा एकदा दाराकडं बघितलं. "पर तिला सोडून मी कुठं जायची न्हाई. तुमी तिला सांगू नगा हां, लगेच डोक्यावर बसंल."

"नाही सांगत," मी म्हटलं, आणि कप पुढं करून आणखी थोडा चहा मागून घेतला.